अंजनावरचा पतंग

मैत्रीण मयुरीच्या साखरपुड्याहून परतताना बोदवडच्या फलाटावर मला तो दिसला... आणि अंगावर आईची जांभळी पैठणी आहे हे विसरून मी चक्क धावत सुटले.

तो म्हणजे पतंग. रात्री दिव्यावर येतात ना, तो. गैरसमज नको!

पिण्याच्या पाण्याच्या नळामागच्या भिंतीवर, नुकत्याच लागलेल्या ट्यूबलाइटखाली तो पंख पसरून बसला होता. वाळलेल्या केळीच्या पानाचा रंग, त्यावर एक नागमोडी रेघ, आणि ती रेघ पंखाच्या कडेला पोचायच्या आतच तुटलेली. अशी तुटकी रेघ मी त्याआधी एकदाच पाहिली होती, रावेरला आमच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये. ती मादी होती. मेलेली, मुंग्यांनी अर्धी खाल्लेली. तिच्यापायी माझं संशोधन अडकून पडलं होतं. तिच्या नात्यातल्या दोन जाती आधीपासून माहीत आहेत. एकीच्या पंखावर अखंड रेघ, दुसरीच्या पंखावर दोन. पण रेघांचा काय भरवसा? पंख झिजले की रेघा पुसतात, आणि माद्या सगळ्या एकसारख्याच दिसतात. खरा फरक असतो नरात. त्याच्या पोटाच्या टोकाशी, मादीला धरून ठेवायला इवलेसे आकडे असतात, त्यांच्या घडणीत. त्यामुळे आमचे गाइड योगेंद्र महाजन सर मला भेटले की एकच वाक्य म्हणायचे, “सुलक्षणा, नर शोध.”

हे वाक्य जळगावच्या आमच्या हॉस्टेलमध्ये कुणीतरी ऐकलं आणि तेव्हापासून माझी जी काही चेष्टा चालली होती... विचारू नका.

तर, भिंतीवरच्या त्या पतंगाला पिसासारख्या झुपकेदार मिशा होत्या. म्हणजे हा नर! मी पर्समधून औषधाची बरणी काढली, श्वास रोखला, हात पुढे केला... आणि माझ्या हाताच्या आधी एक पांढरा रुमाल तिथे पोचला. रुमालाच्या मागे एक उंचेला, चष्मा लावलेला मुलगा होता. त्याने पतंगाला अलगद रुमालावर चढवून घेतलं, मोबाइलने दोन-तीन फोटो काढले, फलाटाच्या टोकापर्यंत गेला आणि कुंपणापलीकडच्या निंबाकडे त्याला सोडून दिलं.

“अहो! थांबा! तो माझा होता!”

तो वळला. पैठणी, हातात बरणी, विस्कटलेला अंबाडा. त्याने सगळं नीट बघून घेतलं. “तुमचा? नाव काय त्याचं?”

“तेच तर! नावच नाहीये त्याला अजून. मी देणार होते.”

“मग द्या की. मी कुठे अडवलंय?”

“नाव द्यायला तो हातात लागतो. म्हणजे... मेलेला.”

त्याचं हसू मावळलं. “तुम्ही मारणार होता त्याला?”

“हो.”

“कशासाठी?”

“जगाने त्याला ओळखावं म्हणून.”

“आणि तो? त्याला काय हवं होतं, ते?”

तेवढ्यात भुसावळकडे जाणारी पॅसेंजर आली. नेमका तोही त्याच डब्यात चढला, आणि नेमकी समोरचीच जागा रिकामी होती. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर काळोख दाटत होता, पावसाची बारीक सर गजांतून आत येऊन गालाला लागत होती, आणि माझा जीव नुसता तळमळत होता. वर्षभर शोधलेला नर... हातभर अंतरावरून गेला!

“जैन आहे मी,” तो मध्येच म्हणाला. “रोनक ओस्तवाल. धुळ्याला आग्रा रोडवर आमचं कापडाचं दुकान आहे. बोदवडला बहिणीकडे आलो होतो, हर्षिताकडे. आत्ता चातुर्मास चालू आहे... माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही त्याला बरणीत कोंबलं असतं ना, तर मला उद्या जेवण गेलं नसतं.”

“आणि मला आज झोप येणार नाही, त्याचं काय?”

“ते वाईट झालं,” तो खरोखरच मनापासून म्हणाला. मग मोबाइल पुढे केला. “हे बघा. याच्यासारखा मी आधीही पाहिलाय. लळिंगच्या जंगलात, अंजनाच्या झाडावर.”

फोटोत तीच तुटकी रेघ. त्याच मिशा. माझा राग पडद्यावरून बोट सरकवता सरकवता कुठे गेला, कळलंच नाही.

“कुठल्या झाडावर? नेमकं कुठे?”

“सांगेन. पण बरणी घरी ठेवून यायचं.”

“हे ब्लॅकमेल आहे.”

“हो,” तो म्हणाला, आणि चष्मा पुसण्याच्या निमित्ताने हसू लपवलं.

पुढचे दिवस माझं कशातच मन लागेना. व्हॉट्सॲपवर त्याचे फोटो येत राहिले. कधी दुकानाच्या शटरवरचा हिरवा पतंग, कधी साड्यांच्या गठ्ठ्यावर बसलेला काळा. ‘हा कोण?’ तो विचारायचा. मी नाव सांगायची. ‘आणि हा?’ मी सांगायची. मग मी विचारायची, ‘लळिंगला कधी?’ त्यावर नुसता हात जोडलेला बाहुला.

अशात एका सकाळी महाजन सरांनी बोलावून घेतलं. “बंगळुरूच्या एका टीमला सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या बाजूला, तुटक्या रेघेचा पतंग मिळालाय म्हणे. लिहायला घेतलंय त्यांनी. तुझ्याकडे काय आहे? अर्धी मादी आणि कुणाच्या तरी मोबाइलमधले फोटो. फोटोवर आकडे दिसतात का?”

दिसत नव्हते. मी त्याच दुपारी रोनकला लिहिलं, ‘रविवारी येते. बरणीशिवाय.’

आणि त्याच संध्याकाळी आईचा फोन. “सुले, रविवारी घरी ये. सावद्याचे पाव्हने येऊन राह्यले तुले पाहाले.”

“आई, रविवारी नाही जमणार. धुळ्याला जायचंय. नर बघायला.”

पलीकडे इतकी शांतता पसरली की मागे चाललेल्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला.

“काय बोलली वं?”

“पतंगाचा, आई! पतंगाचा नर!”

“तेच म्हनतो मी,” आई म्हणाली, “तुले मानसाचा कधी दिसनार नाही.” आणि फोन ठेवला.

रविवारी एरंडोल, पारोळा करत एस.टी. धुळ्याला पोचली तेव्हा तो स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभा होता. लळिंगचा डोंगर पावसाने हिरवागार झाला होता. अंजनाची झाडं मी काही पहिल्यांदा पाहत नव्हते, पण त्या दिवशी त्याने एक पान हातावर ठेवून दाखवलं. देठाशी जोडलेली दोन पानं, जशी ओंजळ. “एकाच देठावर दोन,” तो म्हणाला. मी म्हटलं, “वनस्पतिशास्त्र माझा विषय नाही,” आणि उगाचच बुटाची लेस बांधायला खाली वाकले.

पतंग दिसला नाही. नर नाही, मादी नाही. दुपार कलायला लागली तशी माझी चिडचिड वाढली. आणि मग एका बुंध्यावर, सावलीच्या बाजूला, त्याने थांबून हात टेकला...

“आई गं!”

त्याने हात झटकला. बुंध्यावर केसाळ सुरवंटांची झुंबड होती, सालीच्याच रंगाची. त्याच्या मनगटावर बारीक केस रुतले होते आणि बघता बघता कातडी लाल झाली. तो खाजवणार, तोच मी त्याचा हात धरला.

“खाजवायचं नाही! आणखी आत जातात.” सॅकमधून चिकटपट्टी काढली. मनगटावर चिकटवायची, ओढून काढायची, पुन्हा चिकटवायची. त्याचा हात माझ्या हातात होता. मी पट्टीकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत होता, हे मला न बघताही कळत होतं.

“हे त्याचेच?” त्याने विचारलं.

“असतील... किंवा त्याच्या नातेवाइकांचे. सुरवंटावरून सांगता येत नाही. वाढवावे लागतील.”

“मग वाढवू. माझ्या घरी, गच्चीवरच्या खोलीत. तुमच्या हॉस्टेलला अंजनाचा पाला कुठून मिळणार?” “मघाशी तुम्ही सांगितलंत, या कुळातल्या पतंगांना खायला तोंडच नसतं. मग जगतात किती?”

“आठवडाभर फार तर.”

“मग तेवढं थांबाल? तो आपणहून जाईल. त्यानंतर... तुमचा.”

“पंख फाटतील तोवर. आणि बंगळुरूवाले?”

“आकडे फाटतात?”

आकडे फाटत नाहीत. माझ्या बाजूला शास्त्र नव्हतंच. होती ती फक्त घाई. मला त्याचा राग आला, कारण तो बरोबर होता, आणि बरोबर असताना त्याचा आवाज चढत नव्हता.

त्याच्या आईने, सूरजबाईंनी, जाळीच्या पेटीत ते केसाळ प्रकरण पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. “रोनक! चौमासात? घरात?”

“मम्मी, हे जगायला आणलेत.”

“खातात काय?”

“अंजनाचा पाला.”

“म्हणजे तू चौमासात हिरवा पाला तोडणार?”

“ते पाप माझं.”

सूरजबाई सुरवंटांकडे बघत राहिल्या. “आता आणलेत तर उपाशी थोडेच ठेवायचे...” त्या पुटपुटल्या आणि खाली गेल्या. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा पेटीखालचा कागद त्याच बदलत होत्या. मला म्हणाल्या, “बेटा, मोठे झाले की तू यांचं काय करणार?”

“नाव देणार,” मी म्हणाले.

“वा!” त्या खूश झाल्या. मला मात्र त्यांच्या हातचा चहा गिळवेना.

दर रविवारची धुळ्याची फेरी सुरू झाली. सुरवंटांनी कोष विणले आणि पेटीत सगळं सामसूम झालं. उरला नुसता वाट बघण्याचा खेळ. मी जळगावला मायक्रोस्कोपसमोर बसून त्या दोन जुन्या जातींच्या नरांच्या आकड्यांची चित्रं पुन्हा पुन्हा काढायची. दोघींचा आकडा एकेरीच, एक लांब, एक आखूड. ती काढता काढता दर थोड्या वेळाने मोबाइल उलटा करून बघायची. कोषांची बातमी हवी होती की कोष सांभाळणाऱ्याची, हे स्वतःला विचारायचं मी टाळत होते.

पर्युषणात त्याने आठ दिवसांचे उपवास धरले. फोनवर आवाज खोल गेला होता. “काही खाऊ नका, बोलू पण नका,” मी म्हणायची, आणि तरी फोन ठेवायची नाही. एकदा मी आमच्या रावेरच्या भरिताचं वर्णन करायला लागले, तर म्हणाला, “वांगं तर मी एरवीही खात नाही.” “मग तुमच्या जगण्यात आहे काय?” “सध्या,” तो म्हणाला, “दर रविवार आहे.” त्यानंतर तो फोन नुसताच चालू राहिला...

पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीच्या दिवशी त्याचा मेसेज आला, ‘मिच्छामि दुक्कडम्. बोदवडला तुझा पतंग सोडला, त्याबद्दल क्षमा कर.’

तुझा. तुमचा नाही. मी तो मेसेज कितीदा वाचला, सांगत नाही. मग लिहिलं, ‘नाही केली.’ आणि थोड्या वेळाने, ‘...अजून.’

गणपती उठले आणि दोन दिवसांनी फोन वाजला. “ये! आत्ता ये! तुटकी रेघ आहे. दोघं आहेत. एकाच्या मिशा पिसांच्या!”

महाजन सरांना सांगितलं तर ते म्हणाले, “बंगळुरूचा लेख जायच्या बेतात आहे म्हणे. बरणी घेऊन जा. भावना नंतर.”

मी बरणी घेतली. हो, घेतली. एस.टी.त ती मांडीवरच्या सॅकमध्ये होती आणि सबंध रस्ताभर मला तिचा आकार पोटाला टोचत होता.

गच्चीवरच्या खोलीत दुपारचं ऊन पेटीच्या जाळीवर पडलं होतं. आत नर आणि मादी एकमेकांना जोडून निवांत बसले होते. आमचं दोघांचं तिकडे एकदमच लक्ष गेलं, आणि आम्ही दोघंही एकदमच दाराबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघायला लागलो.

“टाकी... मोठी आहे,” मी म्हणाले.

“हजार लिटर,” तो म्हणाला.

संध्याकाळकडे ते वेगळे झाले. मादीला तो लळिंगला नेऊन सोडणार होता, अंजनावर अंडी घालायला. नर जाळीला लटकून राहिला. कोवळा, स्वच्छ, एकही खवला न गळालेला. असा नमुना आयुष्यात एखादाच मिळतो.

“चहा आणतो,” रोनक म्हणाला आणि खाली गेला.

मी एकटी होते. सॅक उघडली. बरणी काढली, झाकण फिरवलं, आणि नेलपेंट रिमूव्हरसारखा तो उग्र वास खोलीभर पसरला. फक्त जाळी वर करायची. दोन मिनिटं पुरली असती. बंगळुरूच्या आधी लेख, निखळ पंख, माझं नाव. पतंगाने मिशा हलवल्या, त्या वासाकडे वळवल्या, आणि मला लळिंगचा तो लाल झालेला हात आठवला. मी थांबेन असं मी त्याला म्हटलं नव्हतं. पण तो मात्र तसंच समजून रोज पाला आणत राहिला होता. मी झाकण घट्ट लावलं.

दारात रोनक उभा होता. हातात चहा नव्हता.

“वास येतोय,” तो म्हणाला.

“उघडली होती मी.”

“मग?”

“बंद केली.” मी बरणी सॅकमध्ये कोंबली. “आता बोल काय बोलायचं ते.”

तो आत येऊन भिंतीला टेकून खालीच बसला. चष्मा काढून डोळे चोळले. “मी खाली गेलोच नव्हतो. जिन्यावर बसलो होतो. ठरवलं होतं, नियम माझा आहे आणि काम तुझं. तुझ्या कामावर माझा नियम लादायचा नाही. तू काय करशील ते करशील, मी वर येऊन बघणारही नाही... पण पाय तिथून हलेनात.”

“आणि मी मारलं असतं तर?”

“तर रडलो असतो. आणि तुला स्टँडवर सोडायला आलो असतो. आणि पुढच्या रविवारी पुन्हा तुझी वाट बघितली असती,” तो म्हणाला, “हे मला जिन्यावर बसल्यावर कळलं.”

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. पेटीत पंखांची फडफड चालू होती.

“मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला कोंडून ठेवलंय,” तो हळूच म्हणाला. “एरवी सोडून दिला असता. तुझ्यासाठी ठेवलाय.”

मग तो विचित्र आठवडा आला. रोज सकाळी मी फोन करायची. “आहे?” “आहे.” मला आनंद व्हायचा आणि लगेच त्या आनंदाची चिंता वाटायची. कुणाच्या मरणाची वाट बघणं आणि तो जगतोय म्हणून हायसं वाटणं, दोन्ही एकाच वेळी. सर माझ्याशी बोलेनासे झाले होते. आणि एका सकाळी फोनवर “आहे” आलं नाही.

“गेला,” रोनक म्हणाला. “मम्मीने नवकार मंत्र म्हटला. मी येतो घेऊन.”

दुकान सोडून तो एस.टी.ने जळगावला आला. कापसात ठेवलेला पतंग त्याने माझ्या हातात दिला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. पंखांच्या कडा फाटल्या होत्या, रेघ पुसट झाली होती. मी पोटाचं टोक वेगळं केलं, औषधात मऊ केलं, काचेवर पसरलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी भिंग जुळवलं आणि खुर्ची मागे ढकलून उभी राहिले.

“काय झालं? सुलक्षणा?”

“ये. बघ.”

तो आला. एक डोळा मिटून, श्वास धरून वाकला. “दोन टोकं आहेत... काटेरी फांदीसारखी.”

“बाकी दोघांचा आकडा एकेरी. याचा दुभंगलेला. रोनक, हा कुणाचाच नाही... हा वेगळा आहे!”

महाजन सर धावत आले, पुन्हा पुन्हा बघितलं, आणि संध्याकाळच्या आत बंगळुरूला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी तिकडून मोकळेपणाने उत्तर आलं. त्यांच्याकडे फक्त मादी होती आणि नराशिवाय त्यांनाही पुढे जाता येत नव्हतं. त्यांनी अभिनंदन केलं. सर माझ्याकडे बघून म्हणाले, “आठवडाभर थांबलीस, नाही?” आणि पहिल्यांदाच मला त्यांनी स्वतःच्या खोलीतला चहा पाजला.

लेख लिहून झाला. नावाची जागा तेवढी रिकामी होती. रोनक त्या रविवारी जळगावला आला होता. मेहरूण तलावाच्या काठावर वारा इतका सुटला होता की लॅपटॉपवर ओढणी येत होती आणि तो ती पुन्हा पुन्हा बाजूला करत होता.

“एक विचारायचंय,” मी म्हणाले. “पतंगाला तुझं नाव द्यायचं ठरवलंय मी. तुझ्यामुळेच मिळाला तो. जग बुडेपर्यंत राहील ते नाव. पण मग तुला लेखकांत घेता येणार नाही... लेखकाने स्वतःचं नाव जातीला देणं बरं दिसत नाही. आणि लेखकांत आलास, तर पतंगाला नाव खानदेशाचं. सांग, काय हवं?”

त्याने क्षणभरही विचार केला नाही.

“लेखक.”

“वेडा आहेस का? लेखकांची नावं कोण लक्षात ठेवतं! पतंगाचं नाव मात्र...”

“मला पतंग व्हायचं नाही, सुलक्षणा,” तो म्हणाला. वाऱ्याने ओढणी पुन्हा उडाली. या वेळी त्याने ती सोडलीच नाही. “मला तुझ्या नावाशेजारी यायचंय. छापील. कायमचं.”

तलावावर पाण्याला शिरशिरी येत होती. इतके आठवडे माझ्या आत चाललेली फडफड आता गळ्यापर्यंत आली होती, आणि तरीही मला बसून राहावंसं वाटत होतं. तिथेच... त्याच्या शेजारी.

“माझ्या आईला सांगायला तूच यायचं,” मी म्हणाले. “रावेरला. ती खूप ओरडेल.”

“येतो. माझी मम्मी रडेल. ते तू सांभाळ.”

“आणि पहिलं नाव माझं.”

“पहिलं तुझंच.”

मी लॅपटॉप जवळ ओढला आणि माझं नाव लिहिलं. सुलक्षणा चौधरी. मग बोटं थांबली.

“मध्ये काय लिहितात?” त्याने कानाशी वाकून विचारलं.

“आणि,” मी म्हणाले, आणि लिहिलं.